लॅगुनितास ओढ्यातील सॅल्मनच्या डोहांसाठी मदतीचे आवाहन

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातील सर्व मराठी कुटुंबांना सप्रेम नमस्कार.

मरिन काउंटीतील लॅगुनितास ओढ्यावर आपल्यापैकी काही कुटुंबे दर हिवाळ्यात सॅल्मन पाहायला जातात. (मुंबईच्या बाजारात ज्याला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात तो रावस, त्याचे आणि याचे कूळ वेगळे.) येथे येणारा कोहो सॅल्मन 2005 पासून अमेरिकी सरकारच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. तो समुद्रात मोठा होत असला, तरी हिवाळ्यात खडीत घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना पुढचा संपूर्ण उन्हाळा ओढ्यातच काढावा लागतो, आणि या मुलखात उन्हाळा म्हणजे मे ते ऑक्टोबर जवळजवळ कोरडेच महिने. हिवाळाही कोरडा गेला, तर ओढ्याला मिळणारे लहान ओहोळ तुटून त्यांची सुटी डबकी उरतात, पाणी तापते, त्यातला प्राणवायू घटतो आणि कोंडलेली पिल्ले बगळ्यांच्या तोंडी पडतात. गेल्या सप्टेंबरात आम्ही पाहिलेला डोह बैठकीच्या खोलीएवढाही नव्हता. काठच्या झाडाच्या मुळांखाली बोटभर लांबीची पिल्ले दाटीने थांबली होती आणि चार पावलांवर नुसती कोरडी खडी होती.

ओढ्यात पडलेली झाडे माशांची वाट अडवतात, अशा समजुतीने कॅलिफोर्नियात अनेक वर्षे ती उचलून टाकली गेली. हेतू चांगला होता, पण त्यात माशांचे नुकसानच झाले. कारण ओंडक्याला वळसा घालणारे पाणी तळ उकरते आणि तिथेच खोल, गार डोह तयार होतो. म्हणून आता मुळांसकट झाडे पुन्हा प्रवाहात बसवणे, बुजलेले जुने फाटे मोकळे करणे आणि काठावर सावलीची झाडे लावणे, ही कामे स्थानिक संस्था करत आहेत. खरा खर्च ओंडक्यांची वाहतूक आणि यंत्रे यांचा असतो.

प्रवाहातले काम पाणी कमी असताना, उन्हाळ्यातच करावे लागते. त्यामुळे प्रत्येक कुटुंबाने किमान 50 डॉलर 31 मेपूर्वी मंडळाच्या खजिनदारांकडे द्यावेत, ही कळकळीची विनंती. जमा झालेली सर्व रक्कम या कामासाठीच दिली जाईल आणि तिचा हिशेब गणेशोत्सवात सर्वांसमोर मांडला जाईल. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी पावसाळा (इथे तो हिवाळ्यात असतो) सुरू झाल्यावर काठावर रोपे लावायला जरूर यावे. गमबूट आणावेत, मुलांना आणावे. मात्र त्या दिवसांत कोणीही पाण्यात उतरू नये, कारण पायाखालच्या खडीत अंडी असतात.

आपले,
मंडळाची पर्यावरण समिती