चार्जिंग संपलं म्हणून वाचले

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेलं की तू "हो गं आई, माहितेय" म्हणून विषय मिटवतोस. पत्रात मला कुणी मध्येच तोडत नाही, म्हणून लिहायला बसले.

मागे माझा फोन बिघडला आणि सगळं पुसून नव्याने चालू केला, एवढंच तुला सांगितलं होतं. ते अर्धंच होतं. त्या दुपारी एकाचा फोन आला, बँकेतून बोलतोय म्हणाला. आवाज मऊ, कसली घाई नाही. रात्री तुमचं खातं बंद पडेल, तुम्हाला हेलपाटा नको म्हणून इथूनच करून देतो. त्याने लिंक पाठवली, मी अ‍ॅप उतरवून घेतलं. फोनने अडवलं बरं का, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे म्हणून इशारा दिला. सेटिंगमध्ये जाऊन तो कसा बाजूला सारायचा ते त्यानेच सांगितलं.

मग अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी. ज्यांना कमी दिसतं, ज्यांचे हात नीट चालत नाहीत, त्यांच्यासाठी केलेली ही सोय. ती ज्या अ‍ॅपला मिळते ते पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं. चोराला आणखी काय हवं? म्हणून तर २०२२ साली आलेल्या अँड्रॉइड १३ पासून, असं बाहेरून आणलेलं अ‍ॅप असलं की फोन ही परवानगी सहज देऊ देत नाही. माझ्याही फोनने दिली नव्हती. तो अडसर कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत जाऊन काढता येतो, हेही त्यानेच सांगितलं, आणि मी शाळेतल्या मुलीसारखा निमूटपणे काढला. तू मला हौसेने सहा आकडी पिन लावून दिला होतास, दहा लाख जुळण्या होतात म्हणून. त्याला त्यातली एकही शोधावी लागली नाही, दार मीच आतून उघडलं होतं.

थोड्या वेळाने माझं बोट लागलेलं नसताना बँकेचं अ‍ॅप उघडलं. मी नुसती बघत राहिले. आणि पडदा काळा झाला. चार्जिंग संपलं होतं. माझी हुशारी त्यात शून्य. सवयीने मी चार्जर लावायला निघाले, तेव्हा बाबांनी हात धरला. त्यांच्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बोलून आधी खातं गोठवलं. पासवर्डही त्यांच्याच फोनवरून बदलले, आणि माझा फोन शेवटी पूर्ण पुसला. पैसे राहिले, दोन रात्रींची झोप गेली.

आता तुझं. असल्या फोनला तू फसणार नाहीस, मान्य. पण गेल्या खेपेला आला होतास तेव्हा तू आतल्या खोलीत लॅपटॉपवर होतास आणि फोन इथे टेबलावर, कुलूपबंद. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. फोन उजळला आणि ओटीपीचे सहाच्या सहा आकडे मी चष्म्याशिवाय वाचले. कुलूप लावून किल्ली दारालाच लटकवल्यासारखं झालं हे. फोन कुलूपबंद असताना नोटिफिकेशनमधला मजकूर लपवायची सोय असते, मिनिटाचं काम आहे.

तुझा फोनचा पिन तुझ्या मित्रांना माहीत आहे. एकाला तर गाणं लावताना बिनदिक्कत टाकताना मीच पाहिलंय. पिन माहीत असणारा स्वतःच्या बोटाचा ठसाही फोनमध्ये घालू शकतो. बँकेच्या अ‍ॅपचा पिन तोच ठेवला असशील तर आजच बदल. आणि ते "नंतर, नंतर" म्हणत ढकललेलं अपडेट करून टाक. फोनमधली सापडलेली भोकं त्यानेच बुजवली जातात.

राहिलं सिम. फोन कितीही कुलूपबंद असो, चोर सिम काढून स्वतःच्या फोनात घालतो आणि तुझे ओटीपी तिकडे जायला लागतात. त्यासाठी सिमला वेगळा पिन असतो. फोन बंद करून चालू केला किंवा सिम दुसऱ्या फोनात घातलं की तो विचारला जातो. लावताना सिमचा आधीचा पिन मागतो, तिथे अंदाजपंचे आकडे टाकू नकोस. तीनदा चुकलं की सिम अडकतं, मग पीयूके नावाचा आठ आकडी नंबर लागतो, आणि तोही दहादा चुकला की सिम कायमचं गेलं.

हे मला इतकं पाठ कसं, विचारशील. मी परवा लावायला गेले आणि दोनदा चुकले. तिसऱ्यांदा हात लावलेला नाही. पीयूके सिमबरोबर आलेल्या कार्डावर असतो म्हणे. ते कार्ड बाबांनी जपून ठेवलंय, म्हणजे आता सापडत नाही. तू आलास की आधी ते शोधू.

तुझी,
आई