आधी नळावर जातो तो उपाशी

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही गावी, माणला गेलात त्याला आता चार महिने होतील. निघायच्या दिवशी शाळेत येऊन गेलात तेव्हा मी पहिलीच्या पोरांची वजनं-उंच्या भरत बसले होते. “येते हं बाई” आणि “या या”, एवढंच आपलं बोलणं झालं. आमच्याकडे निरोप समारंभ होतात ते शिक्षकांचे. खिचडी करणाऱ्या बाईला कुणी शाल-नारळ देत नाही. म्हणून हे पत्र. आणि ते असं चारचौघांत लिहितेय, कारण माझी चूकही चारचौघांतच झाली होती. तीही माईकवरून.

मी या शाळेत आले २०१८ साली. सकाळचं अधिवेशन, सातला घंटा. पोरं गेटमधून आत आली की दप्तर भिरकावून थेट नळावर पळायची. शर्ट भिजायचे, रांग मोडायची, परिपाठ पाच मिनिटं उशिरा सुरू व्हायचा. नवी होते, शिस्तीची हौस होती. मी जाहीर करून टाकलं, प्रार्थना होईपर्यंत नळावर कुणी जायचं नाही. वर चौथीचे दोन मॉनिटर तिथे पहाऱ्याला उभे केले.

तिसऱ्या दिवशी प्रतिज्ञा चालू असताना तिसरीतली एक मुलगी मटकन खाली बसली. जुलै महिना, ऊन नव्हतं. मी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघत होते. तुम्ही रोजच्यासारख्या हजेरीचा आकडा घ्यायला आला होतात. पदराने हात पुसत तुम्ही तिच्यापाशी बसलात, तिच्या तोंडाला पाणी लावलंत आणि माझ्याकडे न बघताच म्हणालात, “नळ बंद केलात ना बाई तुम्ही. पोटात काही नसलं की पोरं पाण्यावर भागवतात. आधी नळावर जातो तो उपाशी, एवढं धरून चाला.”

डी.एड.ला बालमानसशास्त्राचा अख्खा पेपर दिला होता मी. त्यात हे नव्हतं.

त्या दिवशी खिचडी वाढून झाल्यावर मी तुमच्या शेजारी पायरीवर बसले. मला वाटत होतं आया आळस करतात. तुम्ही हिशेबच मांडलात. वस्तीत पाणी पहाटे येतं, ते भरायचं. साडेसहाला दादरच्या कामावर पोचायचं. मोठी पोर धाकट्याला उठवते, वेणी घालते आणि दोघं निघतात. रात्री नऊला जेवलेलं पोर दुसऱ्या दिवशी दहाला खिचडीचं तोंड बघतं. तेरा तास. शालेय पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २०, असं सगळं ग्रॅमवारी ठरलेलं आहे. तांदूळ लहानांना १०० ग्रॅम, मोठ्यांना १५०. ते मला तोंडपाठ होतं, कारण ॲपवर रोज माहिती भरायची असते. त्याआधीच्या तेरा तासांचा रकाना मात्र कुठल्याच नोंदवहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पावणेसातला गेटवर. हातात तो कडीचा स्टीलचा डबा. खिचडी शिजवणाऱ्या तुमच्या बचत गटातल्या बायका पहाटे चारला चुली पेटवायच्या, त्यांच्यासाठी चपात्या होत. त्यात तुम्ही घरून पाच-सहा आणून कुस्करा करायचात. कांदा, हळद, शेंगदाण्याचं कूट, वर लिंबू. योजनेतला तांदळाचा दाणासुद्धा त्यात कधी गेला नाही, हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण तेव्हा कुजबुज करणारे निघालेच. तुम्ही कुणाला “भूक लागली का रे” असं विचारत नव्हतात. नळाकडे वळलेल्या पोराला हाक मारायचात, “ए, जरा मीठ बरोबर आहे का बघ रे.” पोरगं ऐटीत चव बघायचं. दोन घास, तीन घास. “अजून जरा बघ, नीट कळत नाहीये मला.” शाळेत मुलांच्या आधी आम्ही शिक्षक खिचडीची चव घेतो, चव नोंदवहीत सही करतो. तुमची चव नोंदवही त्या पोरांच्या तोंडात होती. कुणाला लाज म्हणून वाटू दिली नाहीत.

हे तुम्हाला कुठून सुचलं ते खूप नंतर कळलं. १९७२च्या दुष्काळात तुमची चौथीतली शाळा सुटली आणि आईबरोबर तुम्ही रस्त्याच्या कामावर खडी वाहायला गेलात. तिथे सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावरचं कोरडं पौष्टिक खाणं, मिळायची. “चव काय सांगू बाई, पण वाटणारा माणूस ओरडायचा फार,” म्हणाला होतात. मग लग्न होऊन गिरणगावात आलात, सासूबाईंच्या खाणावळीत. तिथे पंचवीस-तीस गिरणीकामगार जेवायचे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते अशाच खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून. तीनशे मुलांची खिचडी वजनकाटा न लावता कशी उतरते, तर ती अशी.

माझं स्वतःचं प्राथमिक शिक्षण रत्नागिरीकडच्या जिल्हा परिषद शाळेत झालं. १९९५ मध्ये केंद्राची योजना आली तेव्हा शिजवलेलं काही नव्हतं. ८० टक्के हजेरी असली की महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायचे. पिशवी डोक्यावर घेऊन आम्ही मिरवत जायचो. पण त्या तांदळात घरची सगळी माणसं जेवायची. शिजवलेलं ताजं अन्न शाळेतच द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला २८ नोव्हेंबर २००१ रोजी. ताट मुलासमोर येण्याचा फरक काय असतो ते मला कायद्यापेक्षा तुमच्या वाढण्याने कळलं. सहावीतली एक मुलगी खिचडी न खाता डब्यात भरून न्यायची, धाकट्या भावाला. मी नियम सांगायला निघाले होते. तुम्ही मला डोळ्यांनी थांबवलंत आणि तिला म्हणालात, “तू इथं बसून खा, मग डब्याचं बघू.” ती खाऊन उठेपर्यंत तुम्ही पातेल्याच्या तळाशी थोडं राखून ठेवायचात. नियमही राहिला आणि भाऊही.

कोविडमध्ये गटाचं काम बंद, हातात पैसा नाही. पालकांना तांदूळ आणि कडधान्य वाटायचं होतं तेव्हा निम्मे फोन लागत नव्हते. तुम्ही तोंडाला पदर बांधून आलात आणि कोण कुठल्या गल्लीत, कोण गावी गेलं, हे सगळं सांगितलंत. त्याचं मानधन कुठल्या शीर्षाखाली काढायचं ते आम्हाला सापडलं नाही, हे लिहायलाही संकोच वाटतो.

अंड्याचं तर काय बोलायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं किंवा केळं द्यायचं सरकारने ठरवलं, जानेवारी २०२५ मध्ये निधी थांबला. “तोंडाशी आणून काढून घेऊ नये,” एवढंच तुम्ही म्हणालात आणि भांडी घासायला गेलात. तामिळनाडूत २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता मिळतो, उपमा, पोंगल, खिचडी, हे मी तुम्हाला मोबाइलवर दाखवलं होतं. तुम्ही फोटो मोठा करून उपम्याकडे बराच वेळ बघितलंत. “पाणी जास्त झालंय,” असा तुमचा शेरा. मग हळूच, “पण सकाळी देतात ना.” २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सकाळच्या पौष्टिक नाश्त्याचा उल्लेख आहे. आमच्या घंटेपर्यंत तो अजून आलेला नाही.

तुमच्या गटाचा करार संपला. आता टेम्पो येतो, बंद डब्यांतून. खोटं कशाला बोलू, जेवण वाईट नाही, गरम असतं, वरणही बरं असतं. फक्त पावणेसातला गेटवर कुणी नसतं.

नसायचं. जूनपासून आम्ही पाच जणींनी वार वाटून घेतलेत. कुस्करा आम्हाला जमत नाही, लोकलमधून येताना गार होऊन जातो. म्हणून शेंगदाणे-गूळ, कधी लाडू, बुधवारी पाव. सोमवार माझा. मिठाची युक्ती गुळाला लागू पडत नाही, तर मी म्हणते, “हे खवट लागतंय का रे बघ.” पहिलीतला एक जण परवा चक्क म्हणाला, “बाई, तुम्ही रोज खवटच का आणता?” आता दुसरं काहीतरी शोधायला हवं. सुचलं तर फोनवर सांगा.

आणि हो, तुमचा तो कडीचा डबा इथेच राहिला, नातवाकडून निरोप आला होता. दहिवडीच्या एसटीने कुणाबरोबर तरी पाठवते म्हटलं होतं मी. पण रिकामा डबा परत करू नये म्हणतात, आणि भरला की तो सोमवारी गेटवर जातो. तेव्हा मावशी, तो काही मिळेल असं धरू नका. दिवाळीत येईन, तेव्हा नवा घेऊन येते.

तुमची,
सोमवारच्या बाई