फणसाच्या लाकडापासून एड्सच्या औषधापर्यंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान दिनाची तुमची पुरवणी वाचली, चांद्रयान, एआय, ब्लॅक होल सगळं होतं, छानच होतं, पण केमिस्ट्रीवर एक ओळ नाही. घरोघरी सकाळी बीपीची, शुगरची गोळी घेतात, ती बनवायचा रस्ता कुणीतरी वर्षानुवर्षं फ्लास्कपुढे उभं राहून शोधलेला असतो. मी तीस वर्षं औषध कंपन्यांत आर अँड डीला सिंथेसिसच केलं, म्हणजे साध्या केमिकलपासून औषधाचा रेणू बनवणं, त्यामुळे ते मनाला लागलं.

पुण्यातल्या किती जणांना डॉ. ए. व्ही. रामाराव हे नाव माहीत आहे? मूळ गुंटूरकडचे, शिकले मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागात, आणि मग आले पाषाण रोडच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, गाईड कोण तर डॉ. के. वेंकटरामन, रंगांच्या केमिस्ट्रीतलं जगात मोठं नाव आणि एनसीएलचे पहिले भारतीय डायरेक्टर. तिथे रामारावांनी काय काय केलं बघा, लाखेच्या किड्यातला लाल रंग, फणसाच्या लाकडातला पिवळा रंग, त्यांचे रेणू नेमके कसे जोडलेले आहेत ते शोधून काढायचं. फणसाची पिवळीधमक फळी कोकणातल्या कुठल्याही सुताराला माहीत असते, पण तो पिवळेपणा कशाने येतो हे एनसीएलच्या लोकांनी एकेक घटक वेगळा करून दाखवलं. मग १९७५ च्या सुमारास रामाराव हार्वर्डला ई. जे. कोरी यांच्याकडे गेले. कोरींची पद्धत उलटी, आधी शेवटचा रेणू डोळ्यासमोर ठेवायचा आणि कुठला बॉन्ड तोडला तर मागची सोपी वस्तू मिळेल ते बघत बघत बाजारात मिळणाऱ्या केमिकलपर्यंत मागे यायचं. ह्याच कामाला कोरींना १९९० चं नोबेल मिळालं.

कागदावर हे सुंदर दिसतं. लॅबमध्ये काय होतं ते सांगतो, रात्री आठ वाजता टीएलसीची, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी, प्लेट यूव्ही लॅम्पखाली धरायची आणि स्टार्टिंग मटेरियलचा ठिपका जिथल्या तिथे, म्हणजे दिवसभर रिअॅक्शन ढवळली ती झालीच नाही, मग उद्या सॉल्व्हंट बदल, परवा टेंपरेचर बदल. पंधरा स्टेपचा रूट, म्हणजे बनवायचा रस्ता, असेल आणि प्रत्येक स्टेपला ८० टक्के यील्ड, म्हणजे हाती येणारा माल, मिळालं, जे चांगलंच म्हणायचं, तरी शेवटी हातात उरतं साडेतीन टक्के. चौदाव्या स्टेपला फ्लास्क फुटला तर पुन्हा पहिल्यापासून. माझा एकदा फुटलाय, अकराव्या स्टेपला, मी खाली बसून टिपकागदाने फरशीवरचं टिपून त्यातून मटेरियल परत काढलं होतं.

१९७० च्या पेटंट कायद्याने आपल्याकडे २००५ पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, म्हणजे ज्याला नवा रूट सापडेल त्याला औषध बनवता यायचं, आणि नवा रूट शोधणं हेच तर सिंथेसिसवाल्याचं काम. १९८५ मध्ये रामाराव हैदराबादच्या प्रयोगशाळेचे डायरेक्टर झाले, तीच आताची आयआयसीटी, म्हणजे भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था. एझेडटी हा रेणू अमेरिकेत १९६४ मध्ये कॅन्सरसाठी बनवला होता, तिथे चालला नाही, आणि १९८७ मध्ये तोच एड्सवरचं पहिलं मंजूर औषध ठरला, पण किंमत अशी की आपल्याकडच्या पेशंटने नावही काढू नये. आयआयसीटीत त्याची पद्धत बसवली, सिप्ला ह्या औषध कंपनीला दिली आणि १९९३ मध्ये ते इथे बाजारात आलं. पुढे २००१ मध्ये ह्याच सिप्लाने एड्सची तीन औषधं मिळून दिवसाला एक डॉलरपेक्षा कमीत आफ्रिकेला देऊ केली, ती बातमी जगभर गाजली, पण त्याच्या मागची लॅबमधली वर्षं कुणी छापली नाहीत. सरकारने रामारावांना २०१६ मध्ये पद्मभूषण दिलं, तेव्हाही आमच्या सोसायटीत कुणाला ते कोण हे माहीत नव्हतं.

आज ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी करणाऱ्या पोरांना घरचेच विचारतात अजून किती वर्षं शिकणार, आयटीत गेला असतास तर फ्लॅट झाला असता. माझ्या नात्यातल्या एका मुलीची फेलोशिप सात महिने आली नव्हती, मेसचे पैसे घरून मागवत होती आणि तरी रोज मिश्रणातून पदार्थ वेगळे करायला कॉलम लावत होती. अशा पोरांवर लिहा ना साहेब. पुढच्या २८ फेब्रुवारीच्या आधी कुठल्याही ऑरगॅनिक लॅबमध्ये संध्याकाळी सातनंतर एक रिपोर्टर पाठवा, दिवे चालूच असतील, आणि नोटबुक उघडून न झालेल्या रिअॅक्शन दाखवा म्हणावं.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट, पिंपरी