वाट कुठे फुटते ते बघ

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

अस्तित्ववादी कथांवरची तुझी टिपणं वाचली. प्रत्येक कथेखाली तू 'एकटेपणा, निरर्थकता, मृत्यू' असं लिहिलं आहेस. खोटं नाही, पण हे शब्द कुठल्याही दुःखी कथेखाली खपतील. अस्तित्ववाद, म्हणजे माणूस स्वतःच्या निवडींतून घडतो हा विचार, शोधायचा तो निवडीत. पात्रापुढे दोन वाटा आहेत, बरोबर कोणती हे सांगणारं कुणी नाही, आणि गप्प बसलं तरी तीही निवडच ठरते. कथेतली ती ओळ सापडली की पेन्सिलीने खूण कर आणि टिपण तिथून सुरू कर.

फ्रेंच लेखक काम्यूची 'पाहुणा' (1957) ही कथा पुन्हा काढ. अल्जीरियातलं पठार, बर्फामुळे ओस पडलेली शाळा, एकटा मास्तर, 'दारू' हे त्याचं नाव. म्हातारा पोलीस बालदुच्ची एका अरब कैद्याला दोरीने बांधून आणतो आणि त्याला ठाण्यावर पोचवायचं काम मास्तरच्या गळ्यात टाकतो. मी याला सोपवणार नाही, असं दारू स्पष्ट सांगतो, आणि तरी कागदावर सही करतो. पहिली खूण इथे! सकाळी तो कैद्याला खजूर, पाव, साखर आणि हजार फ्रँक देतो, मग दोन दिशा दाखवतो: पूर्वेला ठाणं, दक्षिणेला आसरा देणारे भटके लोक. म्हणजे स्वतःची निवड त्याने कैद्याच्या हातात ठेवली. कैदी ठाण्याची वाट धरतो. का, ते काम्यू सांगत नाही. तू मात्र 'अपराधी वाटल्यामुळे' असं लिहून मोकळी झालीस. ते खोड. ती रिकामी जागा लेखकाने मुद्दाम ठेवली आहे. दारू परततो तेव्हा वर्गातल्या फळ्यावर, फ्रान्सच्या नद्यांच्या चित्रामध्ये, खडूने धमकी लिहिलेली असते: आमच्या भावाला तू पकडून दिलंस, हे तुला भोवेल. ज्याने निवड टाळली त्याच्या पदरात निवडीचं ओझं आलंच. मूळ फ्रेंच शीर्षकाचा अर्थ पाहुणा आणि यजमान असा दोन्ही होतो. भाषांतरात एकच उरतो, हे टिपणात यायला हवं.

फ्रेंच लेखक-तत्त्वज्ञ सार्त्रच्या 'भिंत' या कथेत तू 'नियतीचा खेळ' म्हटलंस. ही चूक मोठी आहे, कारण नियती म्हटलं की मागे कुणाची तरी योजना आली. स्पेनच्या यादवी युद्धात मृत्युदंड झालेला कैदी पाब्लो केवळ अधिकाऱ्यांची फजिती करायला आपल्या फरार साथीदाराचा, ग्रिसचा, खोटा पत्ता सांगतो, स्मशान. आणि ग्रिस नेमका तिथेच येऊन लपलेला असतो. योजना कुणाचीच नाही, कृती मात्र पाब्लोची आहे. 'योगायोग' लिही, आणि त्याच्या शेवटच्या हसण्यावर दोन ओळी खर्च कर. त्याआधी कोठडीतला घामही बघ. थंडीत तो घामाने निथळतोय आणि त्याला त्याचा पत्ताच नाही. कैद्यांचं निरीक्षण करायला कोठडीत आलेल्या डॉक्टरची नजर पडते तेव्हा कळतं. परात्मता (स्वतःपासूनच तुटल्याची अवस्था) हा शब्द वापरायचाच असेल तर या घामाशेजारी वापर, हवेत नको.

'अस्तित्ववादी' हा शिक्का जपून मार. ज्या काफ्काला हा शिक्का लावतात तो लेखक 1924 मध्येच गेला, सार्त्रचं अस्तित्ववादावरचं गाजलेलं व्याख्यान त्यानंतरचं, 1945 चं, आणि काम्यूने तर हे बिरूद स्वतःच नाकारलं होतं. म्हणून 'अस्तित्ववादी लेखक' ऐवजी 'अस्तित्ववादी जाणिवेची कथा' लिही.

आधी 'पाहुणा'चं टिपण नव्याने कर, एका पानात. कैद्याच्या मनात शिरू नकोस.

तुझी,
आई