मेकअप खरा, चेहरा फिल्टरचा

संपादक साहेब, नमस्कार.

मी कराडात गेली 19 वर्षं पार्लर चालवते. लग्नसराई आली की मुली मोबाईल पुढं करतात, "ताई, सेम असाच बेस पाहिजे." मागच्या महिन्यात एक नवरी आईला घेऊन ट्रायलला आली, तिनं दाखवलेल्या रीलमधला मेकअप खरंच सुरेख होता, पण त्यातल्या बाईनं नथ नीट करायला हात वर नेला आणि मी व्हिडिओ तिथंच थांबवला. बोटं नाकासमोरून गेली तेवढ्यात गालावरचे बारीक खड्डे दिसले, नाक जरा रुंद झालं, हात खाली आला की परत सगळं गुळगुळीत, नथीचे मोतीसुद्धा कडेनं विरघळल्यासारखे. म्हणजे खाली फाउंडेशन खरं आणि वर चेहरा गुळगुळीत करणारा फोनचा फिल्टर चालू! पोरीला दोनदा मागं नेऊन दाखवलं. ती गप्पच झाली, मग म्हणाली, "मी हेच फाउंडेशन मागवलंय ताई, माझ्याच तोंडावर का बसत नाही म्हणून आठवडाभर रोज धुतेय नि लावतेय." चोळून चोळून हनुवटी लाल झालेली तिची. फार वाईट वाटलं मला.

फिल्टर वापरूच नका असं मी म्हणत नाही, मीपण वापरते. रिंगलाइटसमोर खरा मेकअप फिका पडतो, म्हणून भुवया, काजळ, लिपस्टिक हातानं जरा गडद करायची आणि फिल्टर अगदी हलका ठेवायचा. लायनर फिल्टरवर सोडलं तर मान वळवली की रेघ पापणीवरनं सरकते. भाच्यानं मला समजावलं, फोन चेहऱ्यावर बिंदूंची जाळी बसवतो, गुगलच्या 'फेस मेश' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये असे 468 बिंदू आहेत, त्यातले झाकले गेले की जाळी चुकते. नथीच्या वेळी तेच झालं होतं.

माझं भांडण आहे ते प्रॉडक्ट विकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या व्हिडिओंशी. फाउंडेशन "डाग झाकतं" म्हणायचं आणि डाग फिल्टरनं पुसायचे, ही सरळ फसवणूक आहे हो. त्यात बरेच फिल्टर रंगही उजळवतात, मग सावळी गोड पोरगी दोन शेड उजळ बाटली मागते आणि मांडवात तोंड एका रंगाचं, मान दुसऱ्या रंगाची. ब्रिटनच्या जाहिरात नियामकांनी 2021 मध्येच सांगितलंय की प्रॉडक्टचा परिणाम फुगवून दाखवणारा फिल्टर जाहिरातीत चालणार नाही. नॉर्वेत तर 2022 पासून जाहिरातीतल्या फोटोत शरीर किंवा त्वचा बदलली असेल तर तसं लेबल लावावंच लागतं.

आपल्या मराठी व्हिडिओ करणाऱ्या मुलींना माझी कळकळीची विनंती आहे, प्रॉडक्ट दाखवताना फिल्टर बंद ठेवा, नाहीतर कोपऱ्यात "फिल्टर चालू आहे" एवढं तरी लिहा. मी आता प्रत्येक व्हिडिओची सुरुवात साध्या कॅमेऱ्यानं, खिडकीच्या उजेडात करते, गाल अगदी जवळून दाखवते. त्या नवरीचा बेसही तसाच खिडकीत बसवून तिच्या मानेच्या शेडचा केला, आणि आरशात बघून तिची आईच आधी म्हणाली, "आता आमची पोर दिसतेय."

– एक ब्युटीशियन, कराड