मनू, दुखत नाहीये म्हणूनच लिहितोय

प्रिय मनू,

काल वाढे फाट्यावर बस सुटली तेव्हा तू खिडकीतून माझ्याकडं बघितलं पण नाहीस. माझंच चुकलं, चार माणसांत तसा आवाज चढवायला नको होता. घरी आलो तर आई काहीच बोलेना, तुझं ताट तसंच झाकून ठेवलेलं. फोनवर बोलायला गेलं की आपलं परत वाजतं म्हणून लिहितोय. दाढेचं एकदाच सांगतो, मग नाही काढणार विषय.

तू म्हणालीस, बाबा आता दुखत नाहीये, दिवाळीत आले की कॅप बसवू. अगं दुखेल कशी, रूट कॅनलमध्ये आतली नसच काढून टाकलीय. आता त्या दाढेत कीड शिरली काय, चीर गेली काय, तुला लवकर कळणार नाही, कळवणारी आतली नसच गेलीय. आणि वर भरलंय ते टेंपररी सिमेंट आहे, काही आठवड्यांचा पाहुणा, ते झिजलं की लाळ आत उतरते आणि एवढ्या तीन सिटिंग घेऊन साफ केलेलं परत खराब होतं. दिवाळीला साडेतीन महिने आहेत मनू. डॉक्टरांनी पंधरा दिवस, फार तर महिना म्हणून सांगितलंय, तू पण ऐकलंस, मान हलवलीस.

माझी उजवीकडची दाढ तुला माहितीये, पण ती कशी गेली ते मी नीट कधी सांगितलं नाही. २०१६ ला रूट कॅनल केलं, कॅपचे वेगळे तीन हजार सांगितले, ठणका थांबला होता म्हणून म्हटलं बघू पुढच्या महिन्यात. तो पुढचा महिना काही आला नाही. तुझ्या क्लासची फी होती तेव्हा, पण ते कारण नाही, तू मनाला लावून घेऊ नको, मीच टाळलं. पुढच्या वर्षी नानांकडं ओट्यावर बसून फुटाणे खात होतो, कट्ट असा आवाज झाला, मला वाटलं खडा आला, हातावर घेतलं तर अर्धी दाढ. जराही दुखलं नाही गं. एक्सरेत मुळापर्यंत चीर दिसली, काढण्याशिवाय इलाज नव्हता. नस काढलेली दाढ आतून पोकळ झालेली असते, चावायचा जोर तिला एकटीला पेलत नाही, कॅप तिला चहूबाजूंनी धरून ठेवते, हे मला दाढ गेल्यावर कळलं. आता वरची दाढ त्या मोकळ्या जागेत खाली उतरायला लागलीय.

तुझा पहिला दात पडला तो आठवतो का? कोरेगावला, माईच्या घरी. कौलावर टाकलास तर घरंगळून परत अंगणात, परत टाकलास परत खाली, तिसऱ्यांदा राहिला तेव्हा केवढी नाचलीस. माईची कवळी वाटीत बघून विचारायचीस, माई दात काढून का धुते. माईनं जन्मभर मशेरी लावली, पन्नाशीत बत्तिशी रिकामी. तुझे दात आमच्या घरात सगळ्यात चांगले, मी सगळ्यांना सांगायचो.

आणि कॅप बसली म्हणजे सुटलीस असं नाही. कॅपला कीड लागत नाही, पण ती हिरडीपाशी जिथं संपते तिथं खालची दाढ तुझीच असते, कीड तिथूनच शिरते. मऊ ब्रश, दोन वेळा, आणि रात्रीचा चुकवायचा नाही, तू लॅपटॉपसमोर बिस्किटं खात तशीच झोपतेस मला माहितीये. रोज फ्लॉस कर. टेंपररी कॅप असेल तेवढे दिवस दोरा वर ओढू नको, बाजूनं सरकवून काढ, नाहीतर कॅपच हातात येते. चावताना उंच लागली तर होईल सवय म्हणून सोडू नको, परत जा, ते घासून देतात. निघालीच तर डबीत ठेवून डॉक्टरकडं ने, घरी फेविक्विकनं चिकटवू नको.

बघ, परत लेक्चर झालं. सॉरी बाळा. तिकडं एवढी टीम सांभाळतेस, दहा माणसं तुझं ऐकतात, आई शेजारी सगळ्यांना सांगत असते, मी पण सांगतो. पण रविवारी जेवताना तू डावीकडनंच चावत होतीस आणि शेंगदाण्याची चटणी बाजूला सारलीस, ते मी बघितलं. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

पैसे टाकलेत, परत पाठवू नको. कॅप झिरकोनियाची की मेटल-सिरॅमिकची ते डॉक्टर सांगतील तसं कर, इथला एक्सरे व्हॉट्सॅप केलाय, तो तिकडं दाखव.

निळ्या पिशवीत आईनं चिक्की ठेवलीय, तिला माहीत नव्हतं. ती तू खाऊ नको, रूमवरच्या पोरींना दे, कंदी पेढे तेवढे तू खा आणि वर पाणी पी. शनिवारी डॉक्टरकडं जाऊन आलीस की फोन नाही केलास तरी चालेल, नुसतं "गेले होते" एवढं टाक.

तुझे बाबा