थेंबागणिक ठेका

जळगाव,
१४ डिसेंबर

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

आमच्या रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डासाठी तू पाठवलेला जुना टॅब येऊन दीड महिना झाला आणि मी साधी पोचही दिली नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच.

पहिला आठवडा फजितीचाच गेला. हौसेनं स्पीकरवर बडबडगीतं लावली. दोन पोरं खूश, तिसरं तापानं फणफणलेलं, ते किंचाळायला लागलं. त्याच्या बापानं माझ्याकडं असं पाहिलं, की मुकाट्यानं बंद केलं. मग हेडफोन लावून पाहिला. तर कान झाकल्यावर सुईवाला कधी आला ते कळत नाही, म्हणून पोरं आणखीच बिथरायची. (हेडफोनची एक गादी स्पिरिटनं पुसून पुसून सोलली, तेही सांगून टाकतो.)

मग आली अमळनेरकडची आमची सात वर्षांची बाई. थॅलेसेमिया, म्हणजे अंगात रक्त नीट न बनण्याचा आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, म्हणजे दर वेळी शिरेची शोधाशोध. मी तिला टॅबवरची पेटी वाजवून दाखवायला गेलो, तर माझा हात झटकून म्हणते, "थांब, मीच दाबसू!"

इतके दिवस मी त्यांना गाणं ऐकवत होतो रे. तिथं सगळं दुसरेच करतात: टोचतात, बांधतात, उठवतात, झोपवतात. त्यात आणखी एक मी. आता आधी विचारतो, पेटी कुठल्या हातानं वाजवणार? सुई दुसऱ्या हाताला. रडते अजूनही, खोटं कशाला सांगू. पण पूर्वी तिघांनी धरावं लागायचं, आता एकटी आई पुरते.

खरी मजा रक्त चढताना, त्या चार तासांत. बोटाला लावतो तो चिमटा लाल आणि अवरक्त उजेड बोटातून पाठवून ऑक्सिजन मोजतो. त्यामागची युक्ती १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागींनी मांडली. ऑक्सिजन उतरला की मॉनिटरच्या टीं-टीं आवाजाचा सूरही उतरतो, म्हणजे पाठ फिरवून उभे असलो तरी आम्हाला कळतं. पंधरा वर्षं हा सूर माझ्या कानात आहे. या पोरीनं तो अर्ध्या तासात पेटीवर शोधून काढला! नंतर नजर गेली पिशवीखालच्या नळीकडं. मिनिटाला पंचवीसेक थेंब. थेंब पडला की ढोलकीवर थाप. मी वेग जरा कमी केला तर लगेच ओरडली, "ताल बिघडला!" शेजारच्या खाटेवरचं पोरगंही थेंब मोजायला लागलं.

संगीताचा रुग्णांना उपयोग होतो का, यावर काही अभ्यास झालाय का, असं तू विचारलं होतंस. २०१३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ११ रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या २७२ बाळांवर संगीताचा परिणाम पाहिला होता. आईबापांनी निवडलेलं गाणं अंगाईसारखं गायलं, तर बाळासोबत आईबापांचाही ताण हलका झाला. तिथंही निवड घरच्यांचीच, हे मला फार पटलं.

आता काम ऐक. परवा तिनं सगळी वाद्यं दाबून पाहिली आणि नाक मुरडलं. कानबाई देवीच्या उत्सवाच्या वेळी गल्लीत वाजतो तो संबळ यात नाही म्हणे. तुला तो आत घालता येईल का? वाजवणारा मी इथं गाठतो, फोनवर रेकॉर्ड करून पाठवतो. तिची रक्त चढवायची पुढची तारीख ४ जानेवारी आहे. त्याआधी स्वतःच आलास तर भरीत-पुरी आहेच, वांगी सध्या झकास आलीत.

तुझा,
दिलीप